पशुखाद्यातील बुरशीजन्य विषांवर झिओलाइट : निवड, मात्रा, मिसळण आणि पडताळणी

मक्यावर किंवा पेंडीवर आलेली बुरशी उन्हात वाळवून झटकून टाकली की खाद्य चांगले झाले, असा समज अनेकांचा असतो. पण बुरशी मेली तरी तिने तयार केलेले विष दाण्यातच राहते. अफ्लाटॉक्सिन बी-१ वितळण्यासाठीच सुमारे २६८ अंश सेल्सिअस तापमान लागते, त्यामुळे खाद्य शिजवून किंवा गोळी पाडण्याच्या यंत्रातील वाफेतून काढून ते नष्ट होईल अशी आशा धरता येत नाही. या विषाची ओळखही मोठ्या नुकसानीतूनच पटली. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले, आणि शोध घेता घेता संशय ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीवर गेला. त्या पेंडीतील अस्पर्जिलस फ्लेव्हस या बुरशीच्या नावावरूनच अफ्लाटॉक्सिन हे नाव पडले.

विष नष्ट करता येत नसेल, तर ते आतड्यात शोषले जाण्यापूर्वी एखाद्या पदार्थाला चिकटवून शेणावाटे बाहेर काढावे, या विचारातून खनिज बांधक वापरात आले. नैसर्गिक झिओलाइट, आणि त्यातही क्लिनोप्टिलोलाइट, हा त्यांपैकी एक. त्याचा उपयोग खरा आहे, पण त्याच्या पिशवीवर जेवढे लिहिलेले असते तेवढा तो नाही. योग्य विषासाठी, योग्य दर्जाची भुकटी, योग्य प्रमाणात आणि एकसारखी मिसळली तरच फरक पडतो. या चारपैकी एक गोष्ट चुकली तर आपण जनावराला केवळ दगडाची पूड खाऊ घालत असतो.

हे खनिज काय करते

स्वीडनचे खनिजशास्त्रज्ञ अ‍ॅक्सेल क्रोन्स्टेट यांनी १७५६ मध्ये हे खनिज तापवले, तेव्हा ते फसफसून उकळल्यासारखे दिसले. ग्रीक भाषेतील ‘उकळणे’ आणि ‘दगड’ या दोन शब्दांवरून त्यांनी त्याला झिओलाइट म्हटले. फसफसण्याचे कारण त्याच्या रचनेत आहे. सिलिकॉन, अ‍ॅल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांच्या चौकटीत सूक्ष्म बोगदे असतात आणि त्या बोगद्यांत पाण्याचे रेणू तसेच सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम यांचे धनभारित आयन सैलसर बसलेले असतात. चौकटीवर ऋणभार असल्यामुळे हे आयन बाहेर पडून त्यांच्या जागी दुसरे येऊ शकतात. अमोनियमचा आयन या बोगद्यांत सहज शिरतो, म्हणूनच शेडमधील अमोनियाचा उग्र वास कमी करण्यासाठीही झिओलाइट पसरतात.

विक्रेते जे सहसा सांगत नाहीत, ते मात्र इथून पुढे सुरू होते. क्लिनोप्टिलोलाइटच्या बोगद्यांची तोंडे साधारणपणे ०.३ ते ०.७५ नॅनोमीटर रुंदीची असतात. अमोनियमला ती पुरतात, पण अफ्लाटॉक्सिनचा चपटा, रुंद रेणू त्यांतून आत जाऊ शकत नाही. तो कणाच्या बाहेरच्या पृष्ठभागावर चिकटतो. त्यामुळे ‘स्पंजासारखी सच्छिद्र रचना विष शोषून घेते’ हे वाक्य ऐकायला छान असले तरी या विषाच्या बाबतीत दिशाभूल करणारे आहे. उपयोगी पडते ते बाहेरचे क्षेत्रफळ, आणि ते दळण जितके बारीक तितके वाढते. पुढची बहुतेक खबरदारी याच एका गोष्टीतून निघते.

आधी विष कोणते ते ठरवा

अफ्लाटॉक्सिनच्या रेणूत खनिजातील धन आयनांकडे ओढले जाणारे ऑक्सिजनचे टोक असते आणि त्याचा आकार चपटा असतो, म्हणून ते खनिज पृष्ठभागाला चांगले चिकटते. गहू, जव आणि मका यांवरील फ्युझेरियम बुरशीपासून होणारे डीऑक्सिनिव्हॅलेनॉल मात्र कोणत्याही साध्या खनिजाला जवळजवळ दाद देत नाही. फ्युझेरियमच्याच टी-२ या विषाची गत तीच. झिअरॅलेनॉन आणि ओक्राटॉक्सिन ही आणखी दोन बुरशीजन्य विषे. ते साध्या झिओलाइटला फारच कमी चिकटतात. लांब साखळीच्या सेंद्रिय रसायनाचा थर देऊन पृष्ठभाग बदललेल्या झिओलाइटवर ते अधिक बसतात, परंतु तो पदार्थ वेगळा आहे आणि त्याच्या सुरक्षिततेची वेगळी खातरजमा करावी लागते.

म्हणून लक्षणांकडे पाहून थेट झिओलाइट आणण्याची घाई करू नये. डुकरे खाद्य नाकारत असतील किंवा ओकत असतील तर संशय डीऑक्सिनिव्हॅलेनॉलवर जातो. डुकरांच्या मादी पिलांची योनी सुजलेली आणि लाल दिसत असेल तर झिअरॅलेनॉनवर. बुरशी लागलेला मका खाल्लेला घोडा अडखळू लागला किंवा आंधळ्यासारखा वागू लागला तर फ्युमोनिसिन या फ्युझेरियमच्या विषावर. या तिन्ही प्रसंगी साध्या झिओलाइटवर विसंबणे म्हणजे वेळ वाया घालवणे होय. खाद्य तत्काळ बदलावे आणि पशुवैद्याला बोलवावे. वाढ खुंटणे, यकृत पिवळट व ठिसूळ होणे, दुधात अफ्लाटॉक्सिन एम-१ (बी-१चेच शरीरात बदललेले रूप) सापडणे ही चिन्हे असतील आणि खाद्यात मका, शेंगदाणा पेंड किंवा सरकी पेंड असेल, तर मात्र पुढच्या पायऱ्या उपयोगी पडतील.

नमुना घेणे आणि तपासणी

तपासणीतील सर्वांत मोठी चूक प्रयोगशाळेत होत नाही, ती पोत्याजवळ होते. अफ्लाटॉक्सिन साऱ्या मालात सारखे पसरलेले नसते. हजारो दाण्यांत एखाद-दुसरा दाणा भयंकर विषारी आणि बाकीचे स्वच्छ, अशी स्थिती असू शकते. वरच्या पोत्यातून मूठभर दाणे काढून पाठवले, तर अहवाल ‘निर्दोष’ येण्याची शक्यता मोठी असते आणि त्या कागदावर विसंबून आपण सगळा माल खाऊ घालतो.

याऐवजी पोत्यात खुपसण्याची पोकळ सळई वापरून निरनिराळ्या पोत्यांतून, आणि प्रत्येक पोत्याच्या वरच्या, मधल्या व खालच्या भागातून थोडे थोडे धान्य काढावे. ढीग असेल तर भिंतीलगतचा, छत गळते तिथला आणि जमिनीलगतचा भाग वगळू नये. असे सारे मिळून किमान पाच किलो जमले की ते सगळे दळावे, चांगले कालवावे आणि मगच त्यातून अर्धा ते एक किलो प्रयोगशाळेकडे द्यावे. आधी दळणे आणि मग वाटणी करणे हा क्रम उलटू नये. नमुना कागदी पिशवीत द्यावा. ओलसर नमुना प्लास्टिकमध्ये बांधला तर वाटेतच बुरशी वाढते.

अतिनील दिव्याखाली दाण्यांवर हिरवट पिवळी चमक दिसते का, हे काही जण पाहतात. ती चमक बुरशीने तयार केलेल्या कोजिक आम्लापासून येते, विषापासून नव्हे. म्हणून तिच्यावरून संशय घ्यावा, निकाल लावू नये. झटपट पट्टी किंवा एलायझा (प्रतिपिंडांवर आधारित) चाचणी प्राथमिक निवडीसाठी पुरेशी असते आणि वाद उद्भवण्याजोगा माल असेल तर एचपीएलसी या अधिक अचूक प्रयोगशाळा पद्धतीचा अहवाल मागावा.

आकडा हाती आल्यावर

अहवालातील ‘मायक्रोग्रॅम प्रति किलो’ आणि ‘पीपीबी’ ही एकाच मापाची दोन नावे आहेत. समजा, गाय चाऱ्याशिवाय दिवसाला ६ किलो खुराक (दाणा-पेंडीचे मिश्रण) खाते आणि त्यात अफ्लाटॉक्सिन बी-१ किलोमागे ३० मायक्रोग्रॅम आहे. तिच्या पोटात दिवसाला १८० मायक्रोग्रॅम विष जाते. साधारणपणे त्याचा एक ते तीन टक्के भाग एम-१ या रूपात दुधात उतरतो. भरपूर दूध देणाऱ्या गायींत हे प्रमाण सहा टक्क्यांपर्यंत जाते. दोन टक्के धरले तर ३.६ मायक्रोग्रॅम, आणि दूध १५ लिटर असेल तर लिटरमागे ०.२४ मायक्रोग्रॅम. दुधातील एम-१ साठी अमेरिकेची मर्यादा ०.५ आहे, युरोपीय महासंघाची ०.०५.

आता बांधकाने हे उतरणे निम्म्यावर आणले असे मानू. तरीही ०.१२ उरतात आणि युरोपीय मर्यादेच्या दुपटीहून अधिक भरतात. उलट दिशेने हिशेब केला तर ०.०५ गाठण्यासाठी त्याच गायीच्या खुराकात किलोमागे सुमारे ६ मायक्रोग्रॅमच विष चालेल असे दिसते, आणि युरोपात दुभत्या जनावरांच्या खाद्यासाठी ५ मायक्रोग्रॅमची मर्यादा का ठेवली आहे हेही त्यातून कळते. झिओलाइट हे खराब माल वापरण्याचा परवाना नाही, हे या बेरजेइतके स्पष्ट दुसरे काहीच सांगत नाही. मर्यादेबाहेरचे खाद्य बांधक घातल्याने कायद्याने ग्राह्य होत नाही. युरोपीय नियमांत तर असा माल चांगल्या मालात मिसळून सौम्य करण्यासही मनाई आहे. दृश्य बुरशी असलेला, कुबट वास येणारा किंवा गाठी झालेला माल बाजूलाच काढावा. थोडेफार विष असलेल्या, पण वापरण्याजोग्या मालावरचे जादा संरक्षण म्हणूनच बांधकाकडे पाहावे.

भुकटी निवडताना

झिओलाइट हे एका खनिजाचे नाव नसून मोठ्या कुटुंबाचे नाव आहे आणि त्या कुटुंबात एक घातक सदस्यही आहे. एरिओनाइट हे तंतुमय झिओलाइट श्वासावाटे शरीरात गेल्यास फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग होतो. तुर्कस्तानातील कॅपाडोशिया भागात कराइन आणि तुझकोय या गावांत हे दिसून आले आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने एरिओनाइटला निश्चित कर्करोगकारकांच्या गटात ठेवले आहे. त्यामुळे ‘नैसर्गिक आहे, म्हणजे निर्धोक आहे’ हा युक्तिवाद इथे चालत नाही. विक्रेत्याकडे क्ष-किरण विवर्तनाचा, म्हणजे भुकटीत कोणती खनिजे आहेत हे दाखवणारा, अहवाल मागावा आणि त्यात क्लिनोप्टिलोलाइटचे प्रमाण, क्वार्ट्‌झ तसेच तंतुमय खनिजे यांचा उल्लेख पाहावा. युरोपीय महासंघाने २०१३ मध्ये गाळापासून बनलेल्या क्लिनोप्टिलोलाइटला सर्व प्राण्यांच्या खाद्यासाठी परवानगी देताना किमान ८० टक्के क्लिनोप्टिलोलाइट आणि उरलेली चिकणमातीची खनिजे, तंतू व क्वार्ट्‌झविरहित, अशी अट घातली. ती मोजपट्टी म्हणून कुठेही वापरता येते. ही परवानगी खाद्य घट्ट बांधणारा आणि गाठी होऊ न देणारा घटक म्हणून आहे, विषबंधक म्हणून नाही, हेही ध्यानात ठेवावे. त्याच वर्षी अफ्लाटॉक्सिन बी-१ साठी जी परवानगी मिळाली ती बेंटोनाइट या मातीला. अफ्लाटॉक्सिन हेच एकमेव लक्ष्य असेल आणि दोन्ही पदार्थ मिळत असतील, तर माझा कल चांगल्या बेंटोनाइटकडे राहील. त्याच्या थरांमधल्या फटीत हा चपटा रेणू शिरू शकतो. झिओलाइटची बाजू बळकट होते ती अमोनियाही आवरायचा असेल आणि ओलसर हवेत खाद्य मोकळे ठेवायचे असेल तेव्हा.

दुसरा कागद जड धातूंचा. अमोनियमला जागा देणारे हे खनिज शिशालाही तितकीच आवड दाखवते, त्यामुळे खाणीतूनच शिसे, आर्सेनिक किंवा कॅडमियम घेऊन आलेला माल असू शकतो. डायऑक्सिन या विषारी प्रदूषकाचा अहवालही मागून घ्यावा.

तिसरा प्रश्न बांधणीच्या चाचणीचा. ‘९९ टक्के विष बांधते’ हा आकडा कोणत्या परिस्थितीत मोजला हे विचारावे. पाण्यात भरपूर भुकटी आणि नाममात्र विष घेतले, तर बहुतेक कोणतीही माती उत्तम गुण मिळवते. बेंटोनाइटसाठी युरोपीय नियमात जी कसोटी आहे तिच्यात आम्लता ५ पीएच, विष लिटरला ४ मिलिग्रॅम आणि बांधक फक्त ०.०२ टक्के असतो. त्याच अटींवर झिओलाइटचा निकाल द्या, असे म्हणताच बरेचसे विक्रेते गप्प होतात. जठरातील तीव्र आम्लात चिकटलेले विष आतड्यातील सौम्य वातावरणात सुटते का, यासाठी दोन्ही पीएचवरचा निकाल मिळाला तर उत्तमच.

घरच्या घरी दोन गोष्टी पडताळता येतात. चमचाभर भुकटीवर व्हिनेगर टाकावे. जोरात फेस आला तर चुनखडीची भेसळ आहे. दुसरा चमचा काचेच्या पेल्यात पाण्यावर भुरभुरवून ठेवावा. फुगून जेलीसारखा गोळा झाला तर तो बेंटोनाइट असण्याचा संभव अधिक, कारण झिओलाइट फुगत नाही. बागेसाठी, मत्स्यतळ्यासाठी किंवा मांजराच्या मलपात्रासाठी विकले जाणारे दाणेदार झिओलाइट खाद्यात घालू नये. त्याची शुद्धता तपासलेली नसते आणि मिलिमीटरच्या दाण्याला बाहेरचा पृष्ठभाग फारच थोडा असतो. खाद्यासाठी १०० मायक्रॉनहून बारीक दळण घ्यावे. कारखान्यात बनवलेले झिओलाइट-ए हेही निराळेच. विण्यापूर्वी गायीच्या शरीरातील कॅल्शियमचे नियमन साधण्यासाठी ते वापरतात आणि विषबंधक म्हणून त्याची अदलाबदल करू नये.

मात्रा

व्यवहारात पूर्ण खाद्याच्या ०.५ ते १ टक्का, म्हणजे टनामागे ५ ते १० किलो, ही मात्रा वापरतात. युरोपीय कमाल मर्यादा टनामागे १० किलोच आहे. त्यापुढे गेल्यास लाभ वाढण्याऐवजी खाद्यातील ऊर्जा आणि प्रथिने पातळ होत जातात, कारण या भुकटीला पोषणमूल्य शून्य आहे. तयार खाद्यात वरून घालण्यापेक्षा सूत्र बांधतानाच तिच्यासाठी जागा ठेवावी आणि कोंड्यासारख्या हलक्या घटकातून तेवढे वजन कमी करावे.

कोंबड्यांत आणि डुकरांत सगळा आहार एकाच मिश्रणातून जातो, म्हणून हिशेब सोपा आहे. गायी-म्हशींत गोंधळ होतो. टक्केवारी पूर्ण आहारावर मोजायची असते, केवळ खुराकावर नव्हे. २० किलो शुष्क पदार्थ (पाण्याचे वजन वगळून उरणारा आहार) खाणाऱ्या गायीला एक टक्क्याने दिवसाला २०० ग्रॅम येतात. ते सारे ६ किलो खुराकातूनच द्यायचे ठरवले तर खुराकातील प्रमाण तीन टक्क्यांहून अधिक होते, खुराक धुळकट बनतो आणि गाय नाक मुरडते. विष खुराकातच असेल तर १०० ग्रॅमपासून सुरुवात करून आठवडाभरात वाढवत नेणे शहाणपणाचे. चाऱ्यातही विष असेल तर भुकटी पूर्ण मिश्र आहारातच कालवावी.

मिसळण

बांधक आणि विष एकाच घासात पोटात गेले पाहिजेत, कारण अफ्लाटॉक्सिन लहान आतड्याच्या सुरुवातीलाच झपाट्याने शोषले जाते. सकाळी खाद्य आणि संध्याकाळी गुळाच्या पाण्यातून झिओलाइट, हा प्रकार निरुपयोगी आहे.

१०० किलो खाद्यात १ किलो भुकटी घालायची असेल तर ती एकदम ओतू नये. आधी तेवढ्याच, म्हणजे १ किलो, बारीक भरडीत ती मिसळावी. मग त्या २ किलोत आणखी २ किलो, त्या ४ किलोत ४ किलो, असे दुप्पट करत १५-१६ किलोपर्यंत आल्यावर ते उरलेल्या खाद्यात घालावे. यंत्र असेल तर हे पूर्वमिश्रण निम्मे भरड पडल्यावर सोडावे. तेल किंवा मळी घालायची ती भुकटी पसरल्यानंतरच. आधी घातली तर भुकटीच्या गुठळ्या होतात. नंतर घातलेले एखादा टक्का तेल मात्र उपकारक ठरते, कारण कोरड्या भरडीत ही जड, बारीक पूड वाहतुकीच्या हेलकाव्यांनी पोत्याच्या तळाशी जाते.

मिसळण कशी झाली हे राखेवरून कळते. झिओलाइट जळत नाही, त्यामुळे पूर्वमिश्रणाचे पहिले, मधले आणि शेवटचे पोते यांतील राखेचे प्रमाण तपासले तर फरक लगेच दिसतो. याच कारणाने तयार खाद्यातील आम्लात न विरघळणारी राख वाढते आणि खाद्य घेणाऱ्याला ती वाळूची भेसळ वाटू शकते. लेबलवर झिओलाइटचा स्पष्ट उल्लेख करावा म्हणजे पुढचा वाद टळतो.

मिसळणाऱ्याने सूक्ष्म धूळ अडवणारा मास्क लावणे आवश्यक आहे. नाकाला बांधलेले फडके पुरत नाही. पिशवी उंचावरून झटकू नये.

औषधे आणि खनिजे

बेंटोनाइटबरोबर मॅक्रोलाइड गटातील प्रतिजैविके, म्हणजे टायलोसिनसारखी औषधे, तोंडाने देऊ नयेत आणि कोंबड्यांत रोबेनिडिन हे कॉक्सिडिओसिसवरील औषध टाळावे, अशा सूचना नियमांतच आहेत. त्या झिओलाइटसाठी लिहिलेल्या नसल्या तरी पृष्ठभागावर रेणू धरून ठेवणारा पदार्थ विष आणि औषध यांत भेद करेलच असे नाही, म्हणून उपचार चालू असताना बांधक थांबवणे मी अधिक सुरक्षित मानतो. जस्त, तांबे आणि जीवनसत्त्वे यांचे मिश्रण भुकटीबरोबर महिनोन्‌महिने एकत्र साठवू नये. ती दोन्ही खाद्य बनवतानाच एकत्र आणावीत.

परिणाम झाला का?

दुभत्या जनावरांत उत्तर मोजता येते. एम-१ दुधात १२ ते २४ तासांत दिसू लागते आणि विष बंद झाल्यावर तीन-चार दिवसांत जवळपास नाहीसे होते. म्हणून भुकटी सुरू करण्याआधी लागोपाठ दोन दिवसांचे दूध तपासावे, सुरू केल्यावर सातव्या आणि आठव्या दिवशी पुन्हा तपासावे, आणि मधल्या काळात खाद्याचा तोच लॉट चालू ठेवावा. लॉट बदलला तर आकडा कशामुळे उतरला हे कधीच कळणार नाही; बांधकाच्या बहुतेक कौतुककथा इथेच पाय घसरून पडतात. कोंबड्यांत निम्म्या कप्प्यांना भुकटीसह आणि निम्म्यांना भुकटीविना तेच खाद्य देऊन वजन, मरतुक आणि यकृताचा रंग यांची नोंद ठेवावी.

सातव्या दिवशीही एम-१ जागचे हलले नसेल, तर मात्रा वाढवण्याचा मोह टाळून आधी विष कुठून येते ते शोधावे. सरकी पेंड, मका, मुरघास आणि वाळलेला चारा यांचे नमुने वेगवेगळे पाठवावेत, आणि ज्यात अधिक विष सापडेल तो घटक आठवडाभर पूर्ण बंद करून दूध पुन्हा मोजावे. मग साठवणीकडे वळावे : धान्याची ओल १३ टक्क्यांखाली आणि शेंगदाण्यासारख्या तेलबियांची ७-८ टक्क्यांखाली आहे का, थप्पी लाकडी फळ्यांवर आणि भिंतीपासून हातभर दूर आहे का, जुना माल आधी संपतो का. गव्हाणीच्या कोपऱ्यात साचलेले ओले खाद्यही खरवडून काढावे. काही वेळा पोती निर्दोष निघतात आणि विष त्या कोपऱ्यातून येत असते.